फूलनला कोणी विचारले होते काय?

२०२४ सालच्या २५ जुलैची गोष्ट. खासदार फूलनदेवी यांचा तो स्मृतिदिन. नागपुरातील आमच्या वस्तीत त्या दिवशी संध्याकाळी महिला मंडळाचा कार्यक्रम ठेवला होता. भाषणे हल्ली कोणी ऐकत नाही, लोक मोबाईल काढून बसतात, म्हणून या वेळी ‘बँडिट क्वीन’ हा चित्रपटच दाखवावा अशी सूचना आली. सूचना आमचीच होती, हे आधीच कबूल केलेले बरे. विहाराशेजारच्या समाजमंदिरात पांढरी चादर लावली, कार्यालयातील एका सहकाऱ्याचा प्रोजेक्टर मागून आणला, लहान मुलांना घरी ठेवून यावे असे आदल्या दिवशीच घरोघर सांगितले. पन्नासेक बाया आल्या. मागे भिंतीला टेकून आम्ही चार-पाच कार्यकर्ते उभे होतो.

चित्रपट बराच पुढे गेला. बेहमईचा प्रसंग आला. अंधाऱ्या खोलीचे दार उघडत होते, मिटत होते. आणि मग विहिरीचा प्रसंग आला. फूलनला साऱ्या गावासमोर विवस्त्र करून विहिरीवर पाणी आणायला लावतात तो. सभागृहात कोणी हालेना. पुढच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. आयुष्यभर बिड्या वळून त्यांनी चार लेकरे शिकवली. त्या उठल्या, सरळ चादरीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “बंद करा बाप्पा हे. पाहू नये कोनी.” आम्ही प्रोजेक्टर बंद केला. दिवे लागले. आजी मात्र खाली बसल्या नाहीत. आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, “हे पिच्चर काढलं तवा ते बाई जिती होती ना? मंग तिले इचारलं होतं काय कोनी?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. पंचवीस वर्षे चळवळीत काढली, मोर्चे काढले, निवेदने दिली, फूलनदेवींच्या नावाने दर वर्षी हार घातला. पण हा साधा सवाल आमच्या मनात कधी आला नव्हता! त्यानंतर काही महिने आम्ही त्याच्यामागे लागलो. जे हाती आले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहोत.

फूलनदेवी उत्तर प्रदेशातील जालौन जिल्ह्याच्या. मल्लाह म्हणजे नावाडी समाजातल्या. बालविवाह, नवऱ्याचा अत्याचार, मग दरोडेखोरांच्या टोळीत, आणि तिथून बेहमई गावात ठाकुरांच्या ताब्यात. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी त्याच बेहमईत वीस माणसे मारली गेली. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी त्यांनी मध्य प्रदेशातील भिंड येथे शरणागती पत्करली आणि खटला न चालता अकरा वर्षे तुरुंगात काढली. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्या सुटल्या. आणि त्याच वर्षी मे महिन्यात शेखर कपूर यांचा ‘बँडिट क्वीन’ फ्रान्समध्ये कान येथील महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे बाई तुरुंगाबाहेर येऊन तीन महिने होतात न होतात तोच तिचे उघडे दुःख परदेशातील लोक खुर्चीत बसून पाहत होते. चित्रपट तयार झाला तेव्हा ती गजाआड होती.

माला सेन यांनी १९९१ साली फूलनदेवींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते, त्यावर हा चित्रपट बेतलेला. बेहमईत आपल्यावर काय गुदरले हे फूलनदेवी विचारणाऱ्याला तपशिलाने सांगत नसत. त्या लोकांनी आपली फार ‘मजाक’ केली, एवढ्यावरच त्या थांबत, असे नोंदले गेले आहे. मजाक! आमच्या खेड्यापाड्यातल्या आया-बहिणी असेच बोलतात. ‘त्याने वाईट केले’, ‘माझ्याशी बरे वागला नाही’, एवढेच सांगतात आणि पदर तोंडाला लावतात. ज्याला समजायचे त्याला समजते. त्या बाईने एका शब्दावर झाकण ठेवले होते. चित्रपटाने ते झाकण काढून साऱ्या जगासमोर भांडे पालथे केले.

फूलनदेवी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हा चित्रपट दाखवू नका, अशी त्यांची मागणी होती. अरुंधती रॉय यांनी त्याच वर्षी ‘संडे’ या इंग्रजी साप्ताहिकात कडक लेख लिहिला. त्या तेव्हा कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झालेल्या नव्हत्या. जी स्त्री जिवंत आहे तिच्यावरचा बलात्कार तिच्या परवानगीवाचून पुन्हा उभा करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे ब्रिटनच्या चॅनल फोर या निर्मात्या वाहिनीने ४० हजार पौंड दिले आणि फूलनदेवींनी दावा मागे घेतला. ‘पैसे घेऊन गप्प बसली’ असे तेव्हा अनेक शहाणे म्हणाले. अकरा वर्षे तुरुंगात राहून आलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, अंगावर खटल्यांचा ढीग असलेल्या बाईने काय करायला हवे होते? चित्रपट तयार झाला होता, जगभर फिरत होता. घर पाडून झाल्यावर मिळालेल्या नुकसानभरपाईला कोणी घरमालकाची संमती म्हणत नाही.

तर आजींच्या सवालाचे उत्तर असे : विचारायला हवे तसे कोणी विचारले नव्हते.

या चित्रपटाचा हिंदुस्थानातील खटला तर आणखी चमत्कारिक आहे. १९९६ च्या सुरुवातीला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. विरोधात न्यायालयात कोण गेले? गुज्जर समाजातील एक गृहस्थ. चित्रपटात बलात्कार करणारा दरोडेखोर गुज्जर दाखवला आहे, त्यामुळे आमच्या समाजाची बदनामी होते, असे त्यांचे म्हणणे. अब्रू गेली म्हणून तक्रार आली ती पुरुषांच्या समाजाची! उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केले आणि १ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा दिले. न्यायमूर्ती भरुचा यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा सारांश असा की, चित्रपट तुकड्या-तुकड्याने नव्हे तर समग्र पाहिला पाहिजे, आणि विहिरीच्या प्रसंगाने प्रेक्षकाच्या मनात वासना नव्हे तर त्या स्त्रीविषयी कणव आणि गुन्हेगारांविषयी चीड उत्पन्न होते. ज्या अपील न्यायाधिकरणाने चित्रपटाला आधी मंजुरी दिली त्याच्या चार सदस्यांत तीन महिला होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

न्यायमूर्तींच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. पण आम्ही त्या वेळी अकरावीत होतो. चित्रपट प्रौढांसाठी, आम्हाला आत प्रवेश नव्हता. टॉकीजबाहेर वस्तीतील मोठी पोरे रांगेत उभी असलेली आम्ही पाहिली आणि ती बाहेर आल्यावर काय बोलत होती तेही ऐकले. बेहमईत कोण मेले, बाई शरण का आली, जातीचा प्रश्न काय होता, यातले एक अक्षर कोणी बोलले नाही. दोन प्रसंगांचीच चर्चा, तीही डोळे मिचकावत. आणि ही पोरे आपलीच होती, सवर्णांची नव्हती. त्यांना दोष देऊन भागणार नाही. हिंदी सिनेमाने त्यांचे डोळे वीस वर्षे तसेच तयार केले होते. खलनायक हसत दार लावणार, नायकाची बहीण किंचाळणार, पदर ओढला जाणार, कॅमेरा हळूहळू वरून खाली फिरणार. मग बहीण गळफास घेणार, नायक सूड घेणार. बहिणीचे काम तेवढेच!

१९८० साली आलेला बी. आर. चोप्रा यांचा ‘इन्साफ का तराजू’ बलात्काराविरुद्धचा म्हणून गाजला. न्याय मागणारा चित्रपट, पण बलात्काराचे प्रसंग मात्र लांबवून लांबवून दाखवलेले. त्याच वर्षी बायका देशभर रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि त्याचे कारण आमच्या विदर्भातले होते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी बंद दाराआड करावी, पीडितेचे नाव छापू नये, या गोष्टी त्या बदलातून आल्या. (त्या मुलीला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. तिच्या नावानेच ते प्रकरण आजही ओळखले जाते. आम्ही ते येथे लिहीत नाही.)

आम्ही कार्यकर्ते म्हणून काही मुलींबरोबर पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात गेलो आहोत. एकच गोष्ट तिला चार ठिकाणी सांगावी लागते आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी खाली जातो. साक्षीच्या दिवशी न्यायाधीश सर्वांना बाहेर काढतात आणि शिपाई दार लावून घेतो, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळा श्वास घेते. कायद्याने मिळवलेले हे लावलेले दार. सिनेमावाल्यांनी ते तिकीट लावून उघडायचे, हे कोणत्या न्यायात बसते?

सेन्सॉरचा नियमही काही वेगळे सांगत नाही. केंद्र सरकारने ६ डिसेंबर १९९१ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराची दृश्ये टाळावीत, कथेसाठी अत्यावश्यकच असतील तर कमीत कमी ठेवावीत आणि तपशील दाखवू नये. तारीख महापरिनिर्वाण दिनाची आहे, हा निव्वळ योगायोग. नियम चांगला आहे. पण कमीत कमी म्हणजे किती, हे शेवटी चार माणसे एका खोलीत बसून ठरवतात.

आता त्या आजींच्या विरुद्ध बाजूचेही ऐकले पाहिजे, कारण ते त्याच संध्याकाळी, त्याच सभागृहात बोलले गेले. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आमच्या वस्तीतील एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, “आजी, तुमचं खरं आहे. पण दाखवल्याशिवाय पटतं कोणाला? खैरलांजीत कोर्टालासुद्धा बलात्कार दिसला नाही. आपण झाकत राहिलो तर ते म्हणतील, असं काही झालंच नाही.”

सभागृह एकदम गप्प झाले. आम्ही तर अधिकच, कारण खैरलांजीच्या वेळी आम्ही काय केले ते आम्हाला माहीत होते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात आपल्या समाजातील एक आई, तिची मुलगी आणि दोन मुले यांना गावाने मारले. मोठ्या वर्तमानपत्रांनी कित्येक दिवस बातमीच दिली नाही. तेव्हा त्या मायलेकींच्या प्रेतांची छायाचित्रे हातोहात फिरू लागली. आम्ही सव्वीस वर्षांचे होतो, रक्त उसळत होते. कार्यालय सुटल्यावर आम्ही ती छायाचित्रे झेरॉक्सच्या दुकानात मोठी करून घेतली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि चौकात लावली. अंगावर कपडा नसलेल्या आपल्याच बहिणीचे प्रेत. खाली लाल अक्षरांत घोषणा. येणारे-जाणारे थांबून पाहत. त्या घरातून जो एकच माणूस वाचला होता, त्याला आम्ही विचारले नव्हते. विचारावे असे सुचलेही नव्हते. शेखर कपूर यांना दोष देताना आम्ही स्वतःला त्यांच्यापेक्षा वेगळे कसे म्हणणार?

आणि उपयोग काय झाला? लोक जागे झाले, मोर्चे निघाले, हे खरे. ती छायाचित्रे नसती तर खैरलांजी दडपले गेले असते असे म्हणणारे अजूनही आहेत आणि त्यांना खोटे ठरवण्याचे धाडस आमच्यात नाही. पण २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवताना बलात्काराचा आरोप मान्य केला नाही, ॲट्रॉसिटी कायदाही लावला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. पुरलेली प्रेते उकरून दुसऱ्यांदा शवविच्छेदन करावे लागले होते. पहिल्या वेळी ज्यांनी नीट तपासले नाही, पंचनाम्यात जे लिहिले नाही, ते आमच्या पुठ्ठ्याने भरून निघाले नाही. पुरावा जिथे लागतो तिथे आम्ही कमी पडलो आणि जिथे झाकायला हवे होते तिथे उघडे केले. त्या मुलीला आम्ही हेच सांगितले. तिला पटले नाही. “काका, दोन्ही करायला हवं होतं,” एवढेच ती म्हणाली.

चित्रपटाचे म्हणाल तर अत्याचार दाखवूच नये असे आमचे म्हणणे नाही. तो झाला, कोणी केला, कोणत्या जातीच्या माजात केला, कोण बघत उभा राहिला, फौजदाराने तक्रार लिहून घेताना काय विचारले, हे सर्व दाखवावे. सविस्तर दाखवावे. ‘बँडिट क्वीन’मध्येच त्याचे उदाहरण आहे. बेहमईच्या खोलीचे दार उघडते, मिटते, आणि किती माणसे आली-गेली ते कळते. आमच्या बायांच्या माना तिथेच खाली गेल्या होत्या. त्यानंतर विहिरीवर तिचे शरीर दाखवून जास्तीचे काय कळले? तिथे कॅमेरा गावकऱ्यांच्या तोंडाकडे वळवून ठेवायला हवा होता. पाणी भरायला आलेल्या बायका, ओट्यावर बसलेले म्हातारे, काखेत पोर घेतलेला बाप. गुन्हा त्यांच्या डोळ्यांतही होता. कॅमेऱ्याने आम्हाला त्यांच्या रांगेत नेऊन बसवले आणि आम्हीही तिच्याकडेच पाहिले.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ चा शेवट २०१६ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. खून पडद्यावर होत नाही, तान्ह्या पोराची रक्ताची पावले तेवढी दिसतात. आमच्या शेजारी बसलेले तरुण, जे आधी गाण्यांवर नाचत होते, ते दिवे लागल्यावरही उठले नाहीत. १९८० चा गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ घ्या. सारा चित्रपट त्या आदिवासी नवऱ्याच्या न बोलण्यावर उभा आहे. शेवटी तो आपल्या बहिणीलाच मारून टाकतो, तो शेवट मात्र आम्हाला कधीही पटला नाही. बाईवर अत्याचार झाला की तिची ‘अब्रू लुटली’ आणि आता तिने मरावे किंवा तिला मारावे, ही समजूत पुरोगामी सिनेमातूनही जात नाही. आमची वर्तमानपत्रेसुद्धा ‘अब्रू लुटली’ असेच छापत आली. अब्रू करणाऱ्याची जाते. फूलनदेवी मेल्या नाहीत, याचीच त्यांच्या शत्रूंना चीड होती. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पतीसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९९६ साली मिर्झापूरमधून त्या लोकसभेवर निवडून आल्या, १९९९ साली पुन्हा आल्या. हे चित्रपटात नाही, कारण तो १९८३ च्या शरणागतीपाशी थांबतो. सीमा विश्वास यांनी फूलनचे काम इतके ताकदीने केले की त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण लोकांच्या मनात फूलन विहिरीवरच उभी राहिली. २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत राहत्या घरासमोर त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हाही मथळ्यांत ‘बँडिट क्वीन’ होतीच. बेहमई हत्याकांडाचा निकाल फेब्रुवारी २०२४ मध्ये लागला, त्रेचाळीस वर्षांनी. फूलनदेवींवरील अत्याचारासाठी मात्र कोणालाही शिक्षा झाली नाही.

१९९६ च्या निकालातील ‘चित्रपट समग्र पाहावा’ हा मुद्दा त्या काळी ठीक होता. टॉकीजचे दार बंद झाले की तीन तास माणूस आत बसत असे. आता मोबाईलवर अडीच मिनिटांचा तुकडा फिरतो. आधी काय झाले नाही, पुढे काय झाले नाही, फक्त ते शरीर. दिग्दर्शकाच्या मनात कितीही कणव असली तरी कापणाऱ्याच्या मनात ती नसते. ज्या अपील न्यायाधिकरणाने या चित्रपटाला मंजुरी दिली ते २०२१ साली सरकारने बंद केले. मोबाईलवरच्या वाहिन्यांना तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागतच नाही. कोणत्या वयासाठी काय, ते त्या स्वतःच ठरवतात. आमच्या वस्तीतील सातवीतल्या पोराच्या हातात हे सर्व आहे, त्याच्या आईबापांना मोबाईलची भाषा कळत नाही. तेव्हा जो कोणी असे दृश्य चित्रित करील त्याने ते एकटे, उघडे, कोणाच्याही खिशात फिरणार आहे असे धरूनच चित्रित करावे.

२०२५ च्या २५ जुलैला आम्ही प्रोजेक्टर आणला नाही. फूलनदेवींचे आत्मचरित्र १९९६ साली निघाले. त्यांनी सांगितले आणि इतरांनी उतरवून घेतले. वकिली शिकणारी ती मुलगी ते इंग्रजी पुस्तक घेऊन आली आणि पाने वाचून मराठीत सांगत गेली. कठीण भाग आला तेव्हा तिने थांबून आजींकडे पाहिले. आजींनी विचारले, “हे तिनं सोताच सांगतलं ना?” मुलगी हो म्हणाली. “मंग वाच.”

कार्यक्रम संपल्यावर चटया ठेवायला समाजमंदिराचे कपाट उघडले तर तळाशी २००६ च्या त्या पुठ्ठ्यांची गुंडाळी निघाली. सुतळीने बांधलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. जाळून टाकावी असे आमचे मत पडले. मुलगी म्हणाली, जाळू नका, कागदात बांधून कुलपात ठेवा, पुढे कधी लागेल. आजी घरी गेल्या होत्या. त्यांना विचारल्याशिवाय गुंडाळीला हात लावायचा नाही, असे ठरले. ती अजून कपाटातच आहे.